न उतरता उघडणारं फाटक

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी अभनपुरच्या रस्त्याला, मेन रोडपासून थोडं आत, एक लहानसं शेत घेतलं. शेती त्यांना येत नव्हती, पण घरात बसणंही येत नव्हतं. सकाळचा चहा झाला की ते स्कूटर काढायचे आणि दारातूनच आईला हाक मारायचे, "चाल वं, फाटक कोण उघडन?"

शेताच्या वाटेवर एक लोखंडी फाटक होतं. ते जरा उघडं राहिलं की मोकाट गुरं सरळ वांग्यांत शिरायची. बाबांचा गुडघा दुखायचा. स्कूटरवरून उतरा, गाडी स्टँडवर लावा, फाटक उघडा, पुन्हा चढा, आत जाऊन पुन्हा उतरा, एवढं त्यांच्याच्यानं होत नव्हतं. म्हणून मागच्या सीटवर आई असायची. फाटक आलं की ती उतरायची, साखळी काढायची, गाडी आत गेली की फाटक लावून मागून चालत जायची.

मागच्या पावसाळ्यात ती तिथंच घसरली. फाटकाच्या तोंडाशी चिखल झाला होता आणि फाटक ओढताना पाय सरकला. हाड मोडलं नाही, पण मनगट टम्म सुजलं. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा ती डाव्या हातानं पोळी लाटायला बघत होती आणि बाबा टीव्ही पाहत होते. माझं डोकं फिरलं. मी चिडले की हिंदीत बोलते. त्या दिवशी बाबांना हिंदीतच सुनावलं की आता यापुढे आई त्या फाटकाला हात लावणार नाही.

मी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढते. शेडचे खांब, जिने, रेलिंग असली कामं. फाटक काही मोठी गोष्ट नव्हती. तरी मी त्यात फार जीव लावला, कारण घरातल्या कोणासाठी काही काढायची ती माझी पहिलीच वेळ होती. गाडीवरून न उतरता फाटक उघडलं पाहिजे, आणि मागे कोणी न बघता आपोआप लागलं पाहिजे. खालची बिजागरी मी तिरपी कापायची ठरवली. फाटक ढकललं की ते फिरता फिरता जरा वर चढेल, आणि सोडलं की स्वतःच्याच वजनानं उतरून जागेवर येईल. गुरांनी ढकलून उघडू नये म्हणून खिट्टी. ती खिट्टी उचलायला दोन्ही बाजूंना, थोडं अलीकडे, एकेक खांब आणि त्यावर तारेनं खिट्टीला जोडलेला लोंबता दांडा. स्कूटरवर बसल्या बसल्या दांडा ओढायचा, पुढच्या चाकानं फाटक लोटायचं, आणि जायचं. चाक लागेल तिथं जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा.

ड्रॉइंग जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं. आई भाजी निवडत त्याच्याकडे बघत होती.

"अन् यात मी कुठी उतरू?" तिनं विचारलं.

"तुले उतराचंच नाही ना, आई. त्याच्यासाठीच तं करून राहिली."

"असं का," ती म्हणाली. "बरं झालं मंग."

मी खूश होऊन मापं टाकत राहिले.

वर्कशॉपमध्ये फाटक तयार झालं. पहिल्यांदा बसवलं तेव्हा ते इतक्या जोरात परत यायचं की स्कूटरच्या मागच्या दिव्याला लागलं असतं. बिजागरीचा तिरपेपणा कमी केला, मग ते शहाण्यासारखं हळू यायला लागलं. त्या रविवारी आम्ही तिघं शेतात गेलो. मी आधीच आत जाऊन उभी होते. बाबांनी दांडा ओढायला वेग कमी केला, आणि आई सवयीनं टुणकन खाली उतरली. बाबांच्या ते लक्षातच आलं नाही. त्यांनी दांडा ओढला, फाटक लोटलं, स्कूटर आत आली आणि फाटक मागे सुरेख लागलं. आई बाहेर राहिली. आम्ही सगळे हसलो. तीही हसली. मग तिनं दांडा ओढून हातानंच फाटक लोटलं आणि आत आली.

बाबा दोनदा उगीच आत-बाहेर करून आले. "पोट्टीनं काम केलं," म्हणाले. बाबा सहसा कौतुक करत नाहीत.

त्यानंतर काय बदललं ते मला कळलंच नाही. मी सकाळी लवकर निघते, संध्याकाळी येते. आईचं मनगट बरं झालं, बाबा नेमानं शेतात जात होते, वांगी घरी येत होती. मग हिवाळ्यात एका रविवारी मी बिजागरीला तेल घालायला गेले, तेव्हा पलीकडच्या शेतातली बाई बांधावर येऊन उभी राहिली. ती आणि आई एकमेकींना दीदीच म्हणायच्या.

"दीदी ला काबर नइ लानस, बेटी?" तिनं विचारलं. "तबियत खराब हे का?"

आईला का आणत नाहीस, बरी नाही का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, बरी आहे की. तर ती म्हणाली, मग इतके दिवस आली कशी नाही? तिच्याकडून मला कळलं की दोघी रोज त्या बांधावर बसायच्या. आई डब्यात वरणातल्या चकोल्या नाही तर भाकरी न्यायची, ती लाल भाजी द्यायची. तिच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा लाडू आईनं वळले होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटायचं, आई फाटक उघडायला जाते.

घरी येऊन मी तिला विचारलं, "तू शेतात काहून जात नाहीस?"

"काय करू जाऊन? काम होतं तोवर ठीक होतं."

"बाबा म्हणत नाहीत का, चाल म्हणून?"

"त्यायनं इचारलं नाही, मी म्हटलं नाही." ती गवार मोडत राहिली.

तेव्हा मला कळलं. 'फाटक कोण उघडन' हेच बाबांचं बोलावणं होतं. दुसरं त्यांना येत नव्हतं, आणि ते मी काढून घेतलं होतं. दुखरा हात वाचवला आणि तिची रोजची सकाळ नेली. आणि तेही किती हौसेनं!

मी बाबांशी बोलले. ते गोंधळले. "तिले तरास होते म्हणून तं तू फाटक केलं. आता कशाले हेलपाटा?"

"तिले आवडत होतं, बाबा."

"तिनं कधी सांगतलं?"

"तुम्ही कधी इचारलं?" असं मी बोलून गेले. विचारलं तर मीही नव्हतं. टेबलावर ड्रॉइंग होतं, समोर ती बसली होती, तिनं स्वतःहून विचारलं होतं, तरी मी मापंच टाकत होते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा निघाले. बाबा स्कूटरजवळ बराच वेळ रेंगाळले. सीट पुसली. मग म्हणाले, "येतं का?"

"कशाले?" आई आतून म्हणाली.

बाबांनी पुन्हा सीट पुसली. "असंच," म्हणाले.

"धुणं पडलं आहे माह्यं."

ते एकटेच गेले.

मधल्या काळात पलीकडच्या शेतवाल्यानं, म्हणजे त्या बाईच्या नवऱ्यानं, तसंच फाटक मागितलं. त्याची बायको रोज मोटरसायकलवर मागे बसून येते. मी वेळ नाही म्हणून टाळत राहिले. शेवटी त्यानं आमचंच बघून अभनपुरच्या वेल्डरकडून करून घेतलं. ती बाई अजून तरी येते. मी मात्र प्रत्येक वेळी गेले की आधी तिला शोधते.

मग एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "तुही आई आज शेतात आली होती." पाहुणी आल्यासारखं. ती शेअर ऑटोनं मेन रोडपर्यंत गेली होती आणि तिथून उन्हात चालत. बाबांना सांगितलंही नव्हतं. आता आठवड्यातून एक-दोनदा जाते. एकाच घरातून, एकाच शेतात, दोघं वेगवेगळे. ती चालते तो रस्ता मला दिवसभर डोळ्यांसमोर दिसतो. मी म्हटलं, बाबांसोबत जा ना. ती म्हणाली, त्यांची वेळ वेगळी, माझी वेगळी. रविवारी मी माझ्या गाडीवर नेते. बाकी दिवस ती कोणाला विचारत नाही, मलाही नाही.

गेल्या रविवारी ती उतरली आणि थेट बांधाकडे, त्या बाईपाशी गेली. बाबा विहिरीपाशी उभे राहून बघत होते.

"जेवाले इकडे येईन का ती?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच इचारा ना."

ते निघाले. नांगरलेल्या जमिनीतून, ढेकळं चुकवत, गुडघा सांभाळत. बांधाशी जाऊन नुसतेच उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. दोघी बायका हसल्या, आणि आईनं सरकून त्यांना बसायला जागा केली. ती इकडे आली नाही. डबा घेऊन मीच तिकडे गेले.