आक्काची आडवी विळी

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. मुलाखतींत टाळलं, बायकोलाही कधी बोललो नाही. आता पंचाहत्तरी उलटली. कुंडल या आमच्या गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघंही हे वाचतील, म्हणून लिहितो.

मुंबईला आर्ट कॉलेजच्या मुलाखतीला निघालो, त्या सकाळी माझी थोरली बहीण, आक्का, एसटीपर्यंत आली. माझ्या चित्रांच्या गुंडाळीत तिनं स्वतःचं एक चित्र सरकवलं. "सरांस्नी दाव. मलाबी घेत्यात का, इचार." आईनं डोळे वटारले. पण वडील म्हणाले, "सर हो म्हणलं तर धाडतो हिलाबी."

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर कोळशानं काढलेलं, नागपंचमीच्या दिवशीचं आमचं स्वयंपाकघर. परात वरून पाहिल्यासारखी, तांब्या समोरून. डाळिंबं आणि सीताफळं नुसत्या जाड रेघांची, अखंड. तवा पालथा, विळी आडवी निजवलेली. सावली कुठंच नाही. मला ते कच्चं वाटलं होतं.

मुलाखतीत सरांनी माझी चित्रं भराभर बाजूला सारली. हातात राहिलं ते आक्काचं.

"हे कुणाचं?"

टेबलाच्या कडेला पडलेल्या माझ्या चित्रांकडे मी बघितलं.

"माझं."

मला प्रवेश मिळाला. गावी येऊन सांगितलं, मुलींना घेत नाहीत. चित्राचं विचारलं तेव्हा म्हणालो, प्रवासात भिजलं. वर्षाच्या आत तिचं वडूजला लग्न झालं.

माझा पुढं फ्लॅट झाला, स्टुडिओ झाला, फोनवर आक्काची ताई झाली. गेल्या वर्षी सांगलीच्या प्रदर्शनात ते चित्र माझ्या सहीनिशी दारातच लावलं होतं. आडव्या विळीत एका जाणकाराला घराची मोडतोड दिसली. मी मान डोलावली. पंचमीला आपल्याकडे काही चिरत नाहीत, तव्यावर भाजत नाहीत, एवढंही बोललो नाही. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता: चुलीपाशी बसून हे कोण बघत होतं?

यंदा पंचमीला फ्रेम घेऊन वडूजला गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं. आक्का, मी तुझं चित्र चोरलं, मला माफ कर.

तिनं चष्मा पुसून चित्र बघितलं. बोट सहीवर थांबलं, मग तव्यावर गेलं.

"तवा जरा थोरला झालाय माझा." फ्रेम भिंतीला टेकवत म्हणाली, "भिजलं न्हाई म्हणायचं."

मी तोंड उघडलं, तोवर तिनं पुरणाच्या उकडलेल्या दिंडांची ताटली पुढं सरकवली.

"आधी खा. काल उपास धरलावता तुझा. दरसाल धरती."

पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास करतात, हे मी विसरून गेलो होतो.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की हल्ली कुंडल तोंडात येत नाही, मुंबईही नाही. वडूजच्या त्या स्वयंपाकघरात विळी आडवी निजवलेली होती, आणि माझ्यासाठी पाट मांडलेला होता. वाक्य ओठांवर होतं. मी दिंड मोडलं आणि खाल्लं.