बाईंचं झाकण

"झाकण!"

एवढा एकच शब्द, तोही पाठमोऱ्या उभ्या राहून. शनिवारी सकाळची शाळा असली की आमच्या मराठी शाळेच्या स्टाफरूममध्ये बाई आम्हा शिक्षकांसाठी खमण लावायच्या. माझा हात पातेल्याकडे वळला की त्यांना न बघताही कळायचं. एकदा मी ऐकलं नाही, मध्येच झाकण उघडलं. खमण बसलं, त्याचा मऊ लगदा, म्हणजे लोचो झाला. सुरतेत तोही शेव-तेल घालून चवीनं खातात, म्हणून वाचले.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेलच. पगार झाला की आधी शेअरच्या फंडातला हप्ता, मग किराणा. नवरा गेल्यापासून त्या डिंडोलीत भाड्याच्या खोल्या बदलत होत्या. नोकरी संपेपर्यंत त्या पैशांतून स्वतःचं घर व्हावं, दारावर आपल्या नावाची पाटी लागावी, एवढंच त्यांना हवं होतं. "अजून खूप वर्षं आहेत गं, शिजू दे," म्हणायच्या.

आमच्या गणिताच्या सरांचं उलटं. आज घ्या, उद्या काढा. मधली सुट्टी झाली की डोळे मोबाइलला चिकटलेले. त्यांना म्हणे बाजाराची नाडी कळायची!

मग बाजार आपटला. एकदा नाही, रोज आपटायला लागला. सर धावत आले. "बाई, वेची नाखो! आत्ता विकून टाका, तळाला गेलं की परत घेऊ." स्वतःचं सगळं त्यांनी सकाळीच विकलं होतं.

बाईंनी मला बाजूला घेऊन मोबाइल हातात ठेवला. "खडूच्या कपाटात टाक आणि कुलूप लाव. मी मागितला तरी बाजार बंद होईपर्यंत द्यायचा नाही."

मधल्या सुट्टीत आल्याच. "दे गं."

"नाही."

"माय वं! माझाच मोबाइल!"

"तुम्हीच सांगितलंय, बाई."

"अगं, घर जाईल माझं!"

आणि मटकन बाकावर बसून रडायला लागल्या. अख्खी शाळा जिला घाबरते ती बाई! किल्ली देऊन टाकावीशी वाटली. तरी कशीबशी म्हणाले, "बाई, झाकण."

रडता रडता हसल्या. "मेले, माझंच मला ऐकवतेस!"

पुढे बरेच दिवस मोबाइल कपाटातच असायचा. हप्ता मात्र चुकला नाही. बाजार कधी वळला ते आम्हाला कळलंही नाही. सरांनाही नाही! ते बिचारे तळाची वाट बघत राहिले. बाईंनी त्यांना कधी टोमणा मारला नाही, उलट शनिवारी पहिली बशी त्यांचीच.

आता बाई निवृत्त झाल्यात. शनिवारी स्टाफरूममध्ये नुसता चहा असतो, आणि मला फार चुकल्यासारखं होतं.

परवा गोडादऱ्याला त्यांच्या नव्या घराच्या वास्तूला गेले. दोनच खोल्या, पण दारावर पितळी पाटी, आणि बाई ती पदरानं पुसत उभ्या. आत गॅसवर खमण चढवलेलं. सवयीनं माझा हात पुढे गेला आणि माझा मीच मागे घेतला.

मागून आवाज आला, "काढ आता. झालंय."