हडर्सफील्डची ‘आपली’ टीम

नांदुऱ्याच्या जिनिंग फॅक्टरीतून रिटायर झालेले प्रेमानंद गवई तरुणपणी कबड्डी खेळायचे. हे माहीत नसलेला माणूस नांदुऱ्यात सापडायचा नाही, कारण गवई स्वतःच सांगत फिरतात. गेल्या उन्हाळ्यात ते आणि भिमाबाई मुलीकडे, महामायाकडे, इंग्लंडला गेले. ती हडर्सफील्डच्या एका दवाखान्यात नर्स आहे. गाव उत्तरेकडचं, एके काळी लोकरीच्या गिरण्यांवर चाललेलं. तिथली जुनी धुराडी पाहूनच गवईंना घरच्यासारखं वाटलं.

शेजारी केविन नावाचे म्हातारे गृहस्थ राहतात, तेही गिरणीतलेच. ते सगळ्यांना रग्बीच्या सामन्याला घेऊन गेले. हा रग्बीचा प्रकार आपल्या गावातल्या एका हॉटेलात जन्मला, असं त्यांनी वाटेत छाती फुगवून सांगितलं. महामायाने ते मराठीत सांगताच गवई हसले.

“खेळ मातीत जलमते, हॉटेलात नाही. सांग त्याले.”

सामना सुरू झाला. एक गडी चेंडू घेऊन पळाला, तिघांनी त्याला कवेत घेऊन आपटलं, आणि गवई ताडकन उठले.

“अवं, हे त आपली कबड्डीच होय! पाय धर बे त्याचा! घोट्यात धर!”

“खाली बसा,” भिमाबाई म्हणाल्या, “मागच्या माणसाले दिसून नाही राह्यलं.”

दुसऱ्या दिवशी गवईंनी केविनला कबड्डी शिकवायला घेतली. मागच्या हिरवळीवर केविन “काबाडी, काबाडी” करत आले. गवईंनी घोटा धरला, आणि दोघेही ओल्या गवतावर आडवे झाले. केविन उठले. गवईंचा गुडघा मुरगळला होता.

“दवाखान्यात तेच, अन् घरी पण तेच काय, बाबा?” पट्टी बांधता बांधता महामाया म्हणाली.

पुढचे काही आठवडे गवई सोफ्यावरच होते. सामना असला की केविन बिस्किटं घेऊन येत आणि दोघं टीव्हीसमोर बसत. एकाला दुसऱ्याची भाषा कळत नव्हती, पण पंचाला शिव्या मात्र एकाच वेळी निघत.

एकदा शेवटच्या मिनिटाला हडर्सफील्डची टीम हरली. केविन बिस्किटं तशीच सोडून घरी गेले. गवईंनी ताट सरकवलं.

“काऊन नाही जेवत?” भिमाबाईंनी विचारलं.

“आपली टीम हारली.”

“आपली? कोनती आपली?”

गवईंनी एका ताटलीत भाकरी आणि ठेचा वाढून ती महामायापुढे धरली. “नेऊन दे त्याले. त्यानंही खाल्लं नसन.”

पहिल्याच घासाला केविनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते टीम हरल्याचं होतं, असं गवई अजूनही सांगतात. भिमाबाईंना विचारलं तर त्या मिरच्यांचं नाव घेतात.