गाऱ्हाण्यात आलेली सुई

माझी पत्नी डॉक्टर होती आणि मी शाळामास्तर. तिला जाऊन दुसरं वर्ष सरत आलं. तिच्या कपाटात रोग्यांच्या नोंदींच्या निळ्या पुठ्ठ्याच्या एकोणीस वह्या होत्या. मी गेले की त्या न्हाणीच्या चुलीत घाला, वाचू नका, असं तिने मला दोनदा बजावलं होतं. वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागदही मी सरळ करून वाचतो, हे तिला ठाऊक होतं. दोनदा सांगण्याचं कारण तेवढंच असावं.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर आम्ही मालवणजवळच्या या किनाऱ्यावर बिऱ्हाड केलं. मी इथलाच, ती पुण्याची. गावाच्या लेखी ती शेवटपर्यंत 'घाटावरची डाक्टरीण' राहिली. घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना होता आणि मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे तिने रोग्यांविषयी चकार शब्द काढला नाही. रस्त्यात लोक मला अडवून विचारायचे, "मास्तरांनु, तेका काय झालाहा?" मला खरोखरच माहीत नसायचं. हे कुणालाही पटत नसे. मास्तर शिष्ट आहे, असं माझ्याविषयी बरीच वर्षं बोललं गेलं, आणि ते मला आवडूही लागलं होतं.

एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतर आमच्याकडे ताजे मासे येऊ लागले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी शाळेतून परतलो की स्वयंपाकघरात टोपलीभर बांगडे, कधी सौंदाळे, एकदा तर विसवण. भर दुपारी दवाखाना बंद असताना रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांपैकी, एक गडी मागच्या दाराने आणून देतो, एवढंच मला कळलं. जन्मात मासळीला हात न लावलेली माझी बायको आता विळीवर बसून बांगडे साफ करायला शिकली होती. शाळेत बाकीचे मास्तर मला टोमणे मारू लागले. माझं वजन वाढलं. त्याच दोन दिवशी ती माझं मनगटी घड्याळही मागून घ्यायची. कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "लागतं." मी घड्याळाशिवाय शाळेत जायचो आणि तास लांबवायचो.

कार्तिकात मासे अचानक बंद झाले. पहिल्या मंगळवारी मी गमतीने विचारलं. ती म्हणाली, "यायचे थांबले." पुढच्या शुक्रवारी ती ताटावरून अर्धवट जेवून उठली. त्या आठवड्यात तिने मला एक विचित्र प्रश्न केला: एखाद्याला बोलावणं पाठवायचं आहे, पण बोलावलं हे कुणाला कळता कामा नये, तर काय करावं? मी शाळेतल्या मुलांच्या हाती चिठ्ठी पाठवण्याचं सुचवलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तक उघडलं. मग ती संध्याकाळी एकटीच किनाऱ्यावर फिरायला जाऊ लागली. रापणीचं लांबलचक जाळं तीस-चाळीस माणसं दोन्ही बाजूंनी दोरी धरून ओढत असायची आणि ही वाळूत उभी. घाटावरची डाक्टरीण जाळं बघायला येते, याचं गावाला कौतुक वाटलं.

मार्गशीर्षात देवीची जत्रा आली. आम्ही दोघेही गेलो. देवळासमोर गाऱ्हाणी चालली होती. ज्याचं जे मागणं असेल ते तो गुरवाच्या कानात सांगतो. गुरव ते देवीपुढे खड्या आवाजात घालतो आणि जमलेला सगळा गाव दर वाक्याला हुंकार भरतो. हुंकार भरला की ते मागणं साऱ्या गावाचं होतं. कुणाचं आंब्याचं झाड मोहरत नव्हतं, कुणाचा मुलगा मुंबईहून पत्र पाठवत नव्हता. एक म्हातारी पुढे झाली. गुरव खाली वाकला, बराच वेळ ऐकत राहिला, आणि ताठ उभा राहून म्हणाला:

"बा देवी म्हाराजा, ह्या बायच्या झिलाक छातीचो आजार झालो हा. डाक्टरीणबायच्या सुयेन तेका गूण पडलो, पण तेना ती सुई अर्ध्यार सोडल्यान हा. ती तेच्याकडसून पुरी करून घे गे माये."

"व्हय म्हाराजा," दोनशे तोंडं म्हणाली. सवयीने त्यांत माझंही होतं.

मग माझं लक्ष बायकोकडे गेलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. देवळाच्या कोपऱ्यातून रापणीवरचा एक दणकट गडी मान खाली घालून निघून गेला, आणि मंगळवार, शुक्रवार, टोपली आणि माझं घड्याळ हे सगळं मला एकाच क्षणी कळलं.

त्या काळी क्षयाचं नाव निघालं की माणूस जिवंतपणी वेगळा पडे. त्याच्या हातची दोरी कुणी धरली नसती, रापणीतला त्याचा वाटा गेला असता, आणि घरात दोन लहान मुलं आणि लग्नाची बहीण होती. म्हणून तो मासे विकायच्या निमित्ताने येई आणि गोळ्या तपकिरीच्या डबीत ठेवी. घरातल्या एका तरी माणसाला माहीत असलं पाहिजे, या अटीवर माझ्या बायकोने औषध सुरू केलं होतं. ते माणूस म्हणजे त्याची आई; हे सारं पुढे तिनेच मला सांगितलं. तीन महिन्यांत खोकला गेला, अंग भरलं, मासळीचा हंगाम जोरात आला, आणि मी बरा झालो म्हणून त्याने सुई सोडली. दीड वर्षाचं औषध तीन महिन्यांत सोडलं तर आजार अधिक हट्टी होऊन परततो, हे तिला माहीत होतं. कुणाला सांगण्याची मात्र तिला सोय नव्हती.

पायऱ्यांवर तिने म्हातारीला गाठलं आणि हे काय केलंत, असं विचारलं. म्हातारीने शांतपणे पदर सारखा केला.

"देवीक अर्ध्याच सांगून कसा चलात गो बाय?"

माझ्या बायकोने पायात चपला सरकवल्या आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापणीचा म्हातारा म्होरक्या दवाखान्यात आला. मी पडद्यामागे पेपर वाचत होतो. किनाऱ्यावर कमावलेला त्याचा आवाज पडद्याने अडण्यासारखा नव्हता. त्याने सरळच विचारलं, "बाय, तेका दोरयेर ठेवचो काय नाय?"

ती म्हणाली की कुठल्याही रोग्याविषयी मी बोलत नाही.

"गावान व्हय म्हटलेला आसा. आता लपवचा काय रवला?"

मी पेपर खाली ठेवला. मग ती एखाद्या वर्गाला शिकवावं तशी सावकाश बोलू लागली. कुणाचंही नाव ती घेणार नाही. पण छातीच्या आजाराचा कुणीही माणूस नियमाने औषध घेत असेल तर महिना-दोन महिन्यांत त्याच्यापासून इतरांना सहसा धोका राहत नाही, आणि अर्धवट सोडलं तर त्याला आणि इतरांना, दोघांनाही धोका असतो. नव्याने सुरू करणाऱ्याने तेवढे दिवस दोरीपासून लांब राहावं, पण त्याचा वाटा कापू नये. म्हाताऱ्याने ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. जाताना ओटीवरून म्हणाला, "म्हणजे सुई नाय तर दोरी नाय."

हा निकाल दुपारपर्यंत किनाऱ्यावर पोचला. वाळीत टाकायची तयारी केलेले लोक आता राखणीला बसले, कारण त्यांनी देवीपुढे व्हय म्हटलं होतं. मंगळवार-शुक्रवारी तो ज्या वाटेने जाई त्या वाटेवर बायका, म्हातारे, माझ्या शाळेची पोरं, सगळे त्याला विचारत, "सुई झाली रे?" तो सगळ्यांना शिव्या घाली आणि पुढच्या दाराने दवाखान्यात येई. दोन महिन्यांनी तो पुन्हा दोरीवर उभा राहिला, तरी विचारणं थांबलं नाही. एकदा बाकावर गर्दी होती तेव्हा तो थेट तिच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "बाय, माका बेगीन टोचा. भायर चाळीस जणांची दोरी थांबली हा." सगळा बाक हसला. तीही हसली. पडद्याअलीकडे मला ते ऐकू आलं. सुई टोचून झाली की ती माझं घड्याळ त्याच्या कानाशी धरी, कारण त्या औषधाने कधी कधी ऐकू कमी येतं. पावसात रापण बंद असताना म्होरक्या आपल्या ओटीवर बसून नजर ठेवी.

दीड वर्ष झालं. आंबोलीच्या घाटाने बेळगावला जाऊन त्याने छातीचा फोटो काढून आणला. तिने तो खिडकीशी धरून पाहिला आणि पहिल्यांदाच एका रोग्याविषयी मला काही सांगितलं: "संपलं." त्या दुपारी पुढच्या दाराने बांगड्यांच्या दोन टोपल्या आल्या, आणि त्या घेऊन सगळी रापण आली.

या हिवाळ्यात मी रोज सकाळी एक वही चुलीत घातली. त्या पाण्याने आंघोळ केली. अठरा वह्या मी उघडल्या नाहीत. पुठ्ठ्यावरच्या सालावरून हेरून एकीतलं एक पान मात्र वाचलं. ज्या पानावर गावाने व्हय म्हटलं ते गुपित कसलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पानावर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे बरोबरची खूण. मधे काही आठवडे खूण नव्हती. तिथे बारीक प्रश्नचिन्हं होती, एकाखाली एक. मग पुन्हा खुणा, थेट तळापर्यंत. शेवटच्या ओळीत तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'औषध संपले. बांगडे. ह्यांनी पाच खाल्ले.'

मी सात खाल्ले होते. दोन ती पाहुण्यांना निरोप द्यायला ओटीवर गेली तेव्हा. वही आत घालण्याआधी पेन्सिल घेऊन मी तेवढी दुरुस्ती केली.