दव सुकेपर्यंत

मी तीस वर्षं निफाडच्या एका शाळेत पी.टी. शिकवली, आणि त्या तीस वर्षांत अर्ध्यातून परत फिरणाऱ्याला कधी माफ केलं नाही. मैदानाला सहा फेऱ्या म्हणजे सहा. पाचव्या फेरीला धाप लागून खाली बसलेल्या पोरीला मी शिट्टी वाजवून उठवलेलं आहे. त्यामुळे माझ्या साठाव्या वाढदिवसाला काय झालं ते मी स्वतःच सांगितलेलं बरं. दुसरं कुणी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेल.

आदल्या हिवाळ्यात आमच्या द्राक्षबागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून मी पडले आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, पण आता वयाप्रमाणे जपून राहा. ते ‘वयाप्रमाणे’ मला असं झोंबलं की त्याच संध्याकाळी मी जाहीर करून टाकलं, साठ पूर्ण होतील त्या दिवशी हरसूलच्या बाजूचा तो उभ्या पायऱ्यांचा गड चढणार आणि माथ्यावरच्या मारुतीपुढे नारळ फोडणार. सकाळी माझ्याबरोबर चालायला येणाऱ्या अकरा जणींना सांगितलं, शाळेतल्या जुन्या लोकांना सांगितलं. आठ वाजता फोटो येईल, अशी वेळसुद्धा दिली. मी बरी झालेय की म्हातारी झालेय, हे आता त्या नारळावर ठरणार होतं.

आमचे हे द्राक्षवाले. बोलणं कमी, बागेत फिरणं जास्त. जानेवारीत उठल्यावर आधी बागेतला थर्मामीटर बघतात, मग पानावरून बोट फिरवून दव बघतात, मग चहा. पान ओलं असलं तर मजुरांनाही आत शिरू देत नाहीत, कारण ओल्या पानांतून माणूस हिंडला की रोग या वेलीवरून त्या वेलीवर जातो. डोंगराची त्यांना काडीची हौस नाही. तरी त्या दिवशी पहाटे गाडी काढून मुकाट्याने आले.

सव्वासातला आम्ही पायऱ्यांशी पोचलो. धुकं इतकं, की कातळात खोदलेल्या त्या पायऱ्या दहा-बारा तेवढ्या दिसत होत्या, पुढचं सगळं पांढरं. तिथे पाड्यावरची एक बाई चहाची टपरी लावते. ती म्हणाली, एवढ्या सकाळी आम्हीसुद्धा वर जात नाही, ऊन येऊ द्या. यांनी पहिल्या पायरीवरून बोट फिरवलं, अगदी पानावरून फिरवतात तसं, आणि ते ओलं बोट माझ्यापुढे धरलं.

“दव सुकू दे गं. ओल्या बागेत मी पाय तरी ठेवतो का?”

मी म्हणाले, ही तुमची बाग नाही, आणि आठला फोटो पाठवायचाय. वाटल्यास तुम्ही खाली चहा पीत बसा. पाठीवरच्या पिशवीत नारळ, गळ्यात शाळेची जुनी शिट्टी अडकवून मी निघाले. हे माझ्या मागे.

पायऱ्यांना हात-पाय अडकवायला खोबणी आहेत. त्यांत पाणी साचलं होतं, बोटं बधिर होत होती. चाळीसेक पायऱ्या मी मोजत चढले. मग डावा हात खोबणीतून सुटला. पाय सरकला, नारळाने पाठ मागे ओढली, आणि मी उजव्या हातावर, गाल कातळाला लावून लटकले. तेवढ्यात खालून कुणीतरी माझी टाच घट्ट धरून पायरीवर टेकवली.

पाय टेकताच मी यांच्यावरच खेकसले. इतके चिकटून का येताय? मी तुमच्यावर पडले असते म्हणजे?

“म्हणून तर खाली हाय,” हे म्हणाले.

आधी राग आला. मग अशी लाज वाटली, की तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. गुडघे दुखणारा हा माणूस त्या निसरड्यावर माझ्या आधाराला उभा होता, आणि मी फोटोची वेळ बघत होते. वरच्या पायऱ्या मी चढलेही असते, कदाचित. पण त्या कदाचितच्या खाली हे उभे होते.

“उतरू या,” मी म्हणाले.

उतरताना तोंड कातळाकडे ठेवावं लागतं, खालचं दिसत नाही. हे एकेक पायरी उतरायचे, माझा पाय धरून खोबणीत ठेवायचे आणि सांगायचे, डावा टेकव, आता उजवा. तीस वर्षं मी डावा-उजवा ओरडले. त्या दिवशी पहिल्यांदा निमूट ऐकलं. खालची जमीन पायाला लागली तेव्हा मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

नारळ मी पहिल्याच पायरीवर फोडला. चहावालीला खोबरं दिलं, यांना दिलं, फोटो काढला. खाली लिहिलं, ‘अर्ध्यातून परत आले. नारळ पायथ्याशी.’ पाठवायचं बटण दाबायला मला चाळीस पायऱ्यांहून जास्त दम लागला. लगेच एकीने लिहिलं, गर्वाचं घर खाली. मी उत्तर दिलं, मोजून चाळीस पायऱ्या खाली, आणि घरातली दोन्ही माणसं सुखरूप. मग अकरा जणींचे असे कौतुकाचे फोन आले की मला शर्यत जिंकल्यासारखं वाटलं.

तीन आठवड्यांनी आम्ही परत गेलो. अकरा वाजून गेले होते, लख्ख ऊन होतं. मी स्वतः पायरीवरून बोट फिरवलं. कोरडं. हे सवयीने माझ्या मागे उभे राहिले, तशी मी त्यांची बाही धरून त्यांना पुढे केलं. म्हणाले, मला कुठलं जमतंय, गुडघे बघ माझे.

“चढा,” मी म्हणाले. “मी खाली आहे.”

वाटेत दोनदा त्यांची टाच धरून खोबणीत टेकवली. डाव्या हाताने. माथ्यावर हे आधी पोचले, मी मागून. नारळ मी त्यांच्याच हातात दिला. मग गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि शेवटून पहिली आलेल्या बाईसाठी अशी वाजवली, की खाली चहावालीलासुद्धा ऐकू गेली म्हणे.