गाण्याखाली गेलेला आवाज

राजापेठेत ट्यूशन क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत एक जुनी पाटी अजून लटकून आहे: 'गावंडे व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग'. त्यातलं शूटिंग बंद होऊन बरीच वर्षं झाली, आणि मिक्सिंग म्हणजे काय हे तिच्याखालून गाड्या उडवत जाणाऱ्या पोरांना ठाऊकही नाही. तरी किशोर गावंडे रोज दहाच्या ठोक्याला शटर वर करतात आणि लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवून देतात.

हे बैठकीचं काम आहे. आधी कॅसेट उघडायची, फितीवरची पांढरी बुरशी स्पिरिटच्या कापडानं पुसायची, हातानं हळूहळू फिरवत ती दुसऱ्या धड खोक्यात भरायची आणि मग व्हीसीआरसमोर बसून राहायचं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, तिथं कोणाची घाई चालत नाही. फीत मध्येच अडकली तर लगेच बंद करता यावं म्हणून नजर पडद्यावरून हलवता येत नाही. त्यामुळे जिल्ह्यातल्या मेलेल्या माणसांशी किशोररावांची जेवढी ओळख आहे तेवढी जिवंतांशी राहिलेली नाही.

एके काळी त्यांचं मोठं नाव होतं. अचलपूर, दर्यापूर, पार अकोल्यापर्यंत लोक त्यांची तारीख मिळाल्याशिवाय मुहूर्त पक्का करत नसत. आणि हे नाव होतं मिक्सिंगसाठी. तेव्हा लोकांना कॅसेटमध्ये गाणं पाहिजे म्हणजे पाहिजेच. हळदीला एक, वरातीला दुसरं, पाठवणीला रडकं. लग्नातला खरा आवाज, म्हणजे भटजींचा खोकला, भांड्यांचा खणखणाट, व्याह्यांची कुरबुर, हा सगळा कचरा समजला जाई. किशोरराव तो साफ पुसत आणि वर गाणी चढवत. ज्याच्या कॅसेटमध्ये एक क्षणही गाण्यावाचून जात नाही तो खरा शूटिंगवाला, असा हिशेब होता, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आता कॅसेटी डिस्कवर उतरवताना तेच त्यांच्या नशिबी आलं होतं. पडद्यावर माणसं तोंड हलवत, हसत, एकमेकांना हाका मारत, आणि ऐकू येई ते फक्त गाणं.

पावसाळा संपता संपता अकोल्याहून आचल नावाची एक मुलगी एसटीनं आली. शाळेत शिकवते, वय सत्तावीस. पिशवीतून तिनं रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. चिठ्ठीवर किशोररावांचंच वळणदार अक्षर होतं: शेषराव व बेबीनंदा, मे १९९६.

"माह्या आईबाबाचं लगन हाय, काका. मी दीड वर्षाची असताना आई काविळीनं गेली. फोटो हायेत घरी, पन मले तिचा आवाज आयकाचा हाय. बाबाले विचारलं कसा होता, तर म्हनतात, चांगला होता. आता चांगला म्हनजे कसा?"

किशोररावांनी कॅसेट हातात घेतली आणि तीन दिवसांनी या म्हणून सांगितलं. गाण्यांचं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण पोरीचं तोंड पाहून ते त्यांच्या जिवावर आलं.

चौथ्या दिवशी आचल आली. दुकानातच तिनं डिस्क लावून पाहिली आणि एका ठिकाणी थांबवायला सांगितली. सासरच्या उंबरठ्यावर हिरव्या शालूतली बेबीनंदा उभी आहे. बाया तिला नाव घ्यायचा आग्रह करतात. ती मान खाली घालते, मग वर करते, ओठ हलतात आणि सगळ्या बाया खळखळून हसतात. वर मात्र सनई आणि ढोलकीचं गाणं चालू आहे.

"एवढ्या जागी गानं काढा न. मागचा आवाज येऊ द्या."

"नाही निघत, बाई. कॅसेट जुनी हाय," किशोरराव म्हणाले. "आवाजाची पट्टी बुरशीनं खाल्ली."

"पन गानं तं साफ आयकू येते."

तिनं टोमणा मारला नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. किशोरराव कसेबसे म्हणाले, "असंच होते कधी कधी." या कामातलं आपल्यापेक्षा यांना जास्त कळतं असं धरून आचलनं मान हलवली, डिस्क पिशवीत ठेवली आणि बस गाठायला निघून गेली.

माणूस खोटं बोलतो आणि जेवून झोपतो, जगात काही हे पहिलं खोटं नव्हतं. पण किशोररावांना जेवण जाईना. आयुष्यभर ज्या कामाची शाबासकी घेतली त्याच कामानं एका पोरीची आई मुकी करून टाकली होती, आणि वर त्यांनी दोष बुरशीवर ढकलला होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. बायकोनं दोनदा विचारलं, काय झालं, तर तिच्यावरच खेकसले.

दोन दिवस असे गेल्यावर त्यांना कच्च्या कॅसेटी आठवल्या. गिऱ्हाईकाला जाई ती गाणी चढवलेली पक्की कॅसेट. कॅमेऱ्यात भरलेली कच्ची कॅसेट काम झालं की पुढच्या लग्नाला वापरत, त्याच्यावर तिसरं, चौथं, फीत झिजेपर्यंत. नवी कॅसेट प्रत्येक वेळी कोण घालणार? म्हणजे बेबीनंदाचं लग्न केव्हाच पुसलं गेलं होतं. पण नंतरचं शूटिंग जर आधीच्यापेक्षा आखूड असेल तर कॅसेटच्या शेपटाला जुनं थोडं शिल्लक राहतं, त्याच्या मूळच्या आवाजासकट. अशा छत्तीस कॅसेटी घराच्या माळ्यावर गोणीत पडल्या होत्या.

किशोररावांनी गोणी दुकानात आणली. एकेक कॅसेट साफ करायची, शेवटापर्यंत न्यायची आणि शेपूट पाहायचं, असं त्यांनी अकरा दिवस केलं. बाकीची कामं पडून राहिली. शेपटांमध्ये काय काय निघालं: कुणाची पंगत, कुणाचा रुसलेला जावई, एक बैल. बेबीनंदा कुठेच नव्हती.

एकोणतिसाव्या कॅसेटवर कुणीतरी हौसेनं करून घेतलेलं कौंडण्यपूरच्या जत्रेचं शूटिंग होतं. जत्रा संपली, चित्र फाटलं, दोनचार पांढऱ्या रेघा सरकल्या आणि बेबीनंदाच्या माहेरचं, अचलपूरचं अंगण समोर आलं. तोच हिरवा शालू. दारात जीप उभी आहे, बेबीनंदाचा एक पाय जीपच्या पायरीवर. रडून डोळे सुजलेत. एकदम काहीतरी आठवून ती मागे वळते आणि आईला मोठ्यानं सांगू लागते:

"आई वं, बाबाची गोयी द्याची रायली! थे मी..."

आणि कॅमेऱ्यामागून एक तरुण, गुर्मीतला आवाज येतो, "ताई, बोलू नोका. आवाज नाई लागत आपल्याले. इकडं पाहा, कॅमेऱ्यात."

बेबीनंदा गप्प होते. कॅमेऱ्याकडे पाहून सांगितल्यासारखी हसते. जीप हलते आणि फीत संपते.

तो आवाज कोणाचा, हे किशोररावांना कोणी सांगायची गरज नव्हती. बाहेर क्लास सुटला होता आणि गाड्यांचे हॉर्न वाजत होते. आपलं वाक्य तेवढं कापून टाकणं म्हणजे एका बटणाचं काम होतं, आणि कापाकापीत तर त्यांची हयात गेली होती. पोरीला आईचे शब्द मिळाले असते, यांची अब्रू राहिली असती, कोणाला पत्ता लागला नसता. त्यांनी बटणावर बोट ठेवलंही. मग उचललं आणि फोन हातात घेतला.

"आचल, मी तुह्याशी खोटं बोललो, बाई. बुरशीनं नाही, मीच पुसला तुह्या आईचा आवाज. तेव्हा आमी सगळ्यांचाच पुसत होतो. थोडासा सापडला हाय. एकदा येऊन जा."

रविवारी सकाळच्या गाडीनं ती आली. किशोररावांनी उभ्यानंच सगळं पुन्हा सांगायला सुरुवात केली, पण तिनं थांबवलं.

"आधी लावा."

त्यांनी लावलं. वीस सेकंदांचं सगळं प्रकरण. संपलं तेव्हा आचल पडद्याकडेच पाहत होती.

"केवढा मोठा आवाज हाय वं माय हिचा," ती म्हणाली. "मले वाटे, बारीक असन. फोटोत कशी नाजूक दिसते." ती हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. ओढणीनं तोंड पुसत तिनं थोड्या वेळानं विचारलं, "थे बोलू नोका म्हननारा कोन हाय?"

"मी."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता ही उठून जाईल, आणि गेली असती तरी त्यांची ना नव्हती.

"आई पुढं काय सांगत होती?"

"गोळी कुठं ठेवली थे सांगत असन. मी सांगू देल्लं नाई."

आचलनं खुर्ची पडद्याजवळ ओढली, पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि म्हणाली, "पुन्हा लावा, काका."

किशोररावांनी पुन्हा लावलं. त्या दुपारी आचलनं ते अकरा वेळा ऐकलं. बेबीनंदा अकरा वेळा बोलायला लागली आणि अकरा वेळा किशोररावांनी तिला गप्प केलं.