तक्रार अधिकारी आणि ओलं पोतं

सरकारचा नवा नियम आला, की इंटरनेटवर बातम्या देणाऱ्या प्रत्येकानं तक्रार अधिकारी नेमायचा आणि त्याचं नाव जाहीर करायचं. आमच्या चांदूर बाजारात माझा एक जुना विद्यार्थी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून बातम्यांचं पोर्टल चालवायचा. बातमीदार तोच, संपादक तोच, चहा आणणाराही तोच.

"बाई, तुमचं नाव टाकून राहिलो," तो म्हणाला.

"माह्यं कावून?"

"तुमाले सारं गाव भेते."

निवृत्तीनंतर मला कुणी कसलंच पद दिलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

पहिली तक्रार बियाणं विकणाऱ्या दुकानदाराची. त्याच्याकडचं सोयाबीन उगवलंच नाही, अशी बातमी उघड्या वावरांच्या फोटोंसकट लागली होती. तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. बातमी काढा, नाहीतर त्या पोराला कोर्टात खेचतो, म्हणाला. वर दिवाळीची जाहिरातही देऊ केली. माझं डोकं फिरलं. मोठ्या बातमीवाल्यांना वेसण घालायला म्हणे हा नियम, आणि इथे दोरी कुणाच्या हातात, तर ज्याला बातमी नको त्याच्या. पण नियम मी चष्मा लावून वाचला होता. तक्रार ऐका, निकाल द्या. अधिकाऱ्यानं भ्यावं असं त्यात कुठेच नव्हतं.

मी आतून रिकामं पोतं आणलं आणि त्याच्यासमोर भिजवलं. पेरणीआधी ओल्या पोत्यात दाणे गुंडाळून किती उगवतात ते आमच्याकडे घरोघरी बघतात. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"लोक खोल पेरते, पाऊस दगा देते, अन् दोष आमाले," तो म्हणाला.

"म्हणूनच तं. दुकानातली सीलबंद पिशवी आणा, तुमच्याच हातानं दाणे टाका. उगवले तं बातमी मीच काढाले लावीन."

तो उठून गेला. मी पोत्यावर रोज पाणी शिंपडत राहिले. पिशवी काही आली नाही. आली ती वकिलाची नोटीस, विद्यार्थ्याच्या नावानं.

निकाल मी लिहिला: तक्रारदारानं बियाणं आणलं नाही, बातमी राहील. खाली माझं पूर्ण नाव. विद्यार्थ्यानं तो पोर्टलवर टाकला, पण त्याचा चेहरा उतरलेला होता. दुकान त्याचं, लेकरंबाळंही त्याची.

"बाई, कोर्टात जा लागलं तं?"

"जाऊ," मी म्हटलं. "पोतं घेऊन जाऊ."